सत्तेचाळीस हत्यारं

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. वर शीर्षकात जो आकडा आहे तो मी रूममेटला विचारून लिहिलाय, कारण माझ्या डोक्यात तो 'फॉर्टी सेव्हन' असाच राहतो आणि सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न यांच्यात माझा कायम गोंधळ उडतो. तेव्हा चुका दिसल्या तर पोटात घाला, सबमिशनच्या वेळी सर घालतात तशा. (सर घालत नाहीत, ही गोष्ट वेगळी!)

तर ही सत्तेचाळीस हत्यारं माझ्या लॅपटॉपवर एका एक्सेल शीटमध्ये राहत होती. फाइलचं नाव 'वर्कशॉप_फायनल_फायनल२'. उन्हाळ्यात दोन महिने चाकणला इंटर्नशिप केली, महिन्याला बारा हजार स्टायपेंड. चोवीस हजार! आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचे. त्यातले चार हजार मेसची थकबाकी आणि एका केटीचा फॉर्म यांत गेले (विषय कुठला ते विचारू नका). उरले वीस. या विसात सांगलीला आमच्या घरामागे जी पत्र्याची शेड आहे, तिच्यात पप्पांसाठी एक छोटं वर्कशॉप उभं करायचं असं मी ठरवलं होतं. पप्पांना न विचारता. सरप्राइज!

आता कुणीही विचारेल, की सुताराला हत्यारं तू कशाला घेऊन देणार? त्याच्याकडे ती असतातच. पप्पांकडेही होती. एक लाकडी पेटी भरून होती आणि त्यातली निम्मी आज्जाची होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही घर सोडलं तेव्हा आईने कागदपत्रं घेतली, गॅसचं पुस्तक घेतलं, माझी मार्कशीटं घेतली. पेटी कॉटखालीच राहिली. ती उचलायला दोन माणसं लागायची. परत आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल. पेटीतल्या करवतींवर नारिंगी साय धरली होती. आज्जाचे लाकडी रंधे पाण्याने फुगले होते आणि नंतर उन्हात वाळताना उभे चिरले. पप्पांनी ती पेटी स्वतः नेऊन कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या ढिगात ठेवली. टाकली नाही, ठेवली. मी तेव्हा आठवीत होते आणि मला माझा भिजलेला कीबोर्ड जास्त महत्त्वाचा वाटत होता.

त्यानंतर पप्पा कॉन्ट्रॅक्टरच्या हत्यारांवर काम करायचे. मग मॉड्युलर फर्निचर आलं. फॅक्टरीत कापून, कडांना पट्टी लावून, भोकं पाडून सगळं तयार येतं. साइटवर फक्त बिजागरी कसायची. त्यासाठी बावन्न वर्षांचा, गुडघे दुखणारा सुतार कुणाला हवाय? पोरं करतात ते काम, भराभर करतात. दीड वर्ष झालं, पप्पा महिन्यातले दहा-बारा दिवस कामावर आणि बाकीचे दिवस घरी. टीव्ही बघत नाहीत, कुणाला काही बोलत नाहीत. नुसते शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. आईने फोनवर सांगितलं, "आज पाच वेळा नळ दुरुस्त केला." नळ बिघडलेलाच नव्हता.

हे सगळं इतक्या सरळपणे मी आत्ता लिहितेय. शाळेत असताना लिहिलं नसतं. आमच्या शाळेच्या डायरीत 'फादर्स ऑक्युपेशन' असा रकाना असायचा. त्यात आई दरवर्षी सुंदर अक्षरात 'फर्निचर बिझनेस' असं लिहायची. मीही तेच पाठ केलं होतं. आणि गंमत बघा, शाळेच्या जिन्याशी सेंट जोसेफचा पुतळा होता, हातात गुण्या घेतलेला! दर १ मेला असेंब्लीत सिस्टर सांगायच्या, की जोसेफ सुतार होता आणि कामकऱ्यांचा संत म्हणून आज त्याचा दिवस. मी रांगेत उभी राहून प्रेअर म्हणायचे आणि घरी जाऊन डायरीतला बिझनेस तसाच ठेवायचे. जोसेफच्या हातातल्या त्या वस्तूला 'ट्राय स्क्वेअर' म्हणतात हे मला माहीत होतं. 'गुण्या' म्हणतात हे कळायला इंजिनिअरिंगला यावं लागलं.

तेही कसं कळलं ते सांगते. फर्स्ट इयरला वर्कशॉप प्रॅक्टिस सगळ्यांनाच असते. कारपेंट्री शॉपमध्ये हाफ लॅप जॉइंट करायचा होता. माझा जॉब असा झाला होता की दोन तुकड्यांच्या मध्ये ए-फोर कागद दुमडून घातला असता तरी सैल बसला असता. इन्स्ट्रक्टर सरांनी हजेरीपत्रकात माझं आडनाव बघितलं, मग जॉब बघितला आणि सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "आडनाव सुतार, आणि सांधा असा?" सगळे हसले. मीही हसले. सर वाईट नव्हते, पुढे त्यांनीच हात धरून रंधा मारायला शिकवलं. पण त्या रात्री पप्पांना फोन करून मी पहिल्यांदा विचारलं, की रंधा मारताना लाकूड फाटतं ते का? पप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उलटा मारतीयास. रेषा कुठं चढतीया ते बघ, चढणीच्या बाजूनं मार. मांजराला उलटं कुरवाळल्यावर कसं करतं?" आयुष्यात एवढं चांगलं एक्स्प्लनेशन मला कुठल्या लेक्चरला मिळालेलं नाही. (स्टाफने कृपया राग मानू नये.)

असो. यादीकडे येते.

यादी मी यूट्यूब बघून केली. अमेरिकेतले लोक घराच्या गॅरेजमध्ये वर्कशॉप थाटतात आणि प्रत्येकाचा एक व्हिडिओ असतोच, 'नवशिक्याने पहिली दहा हत्यारं कुठली घ्यावीत.' एकाची दहा दुसऱ्याच्या दहांशी जुळत नाहीत. एक म्हणतो आधी टेबल सॉ. दुसरा म्हणतो बँड सॉ. तिसरा म्हणतो मशिनला हात लावू नका, हातकरवत, पटाशा आणि रंधा पुरे. पॉल सेलर्स नावाचे एक इंग्लंडमधले वयस्कर सुतार आहेत, ते या तिसऱ्या गटातले. ते टेबल एवढ्या शांतपणे बनवतात, की मी एंड-सेमच्या आदल्या रात्री टेन्शन घालवायला त्यांचे व्हिडिओ लावायचे. मी सगळ्यांचं सगळं एकत्र केलं आणि सत्तेचाळीस ओळी झाल्या. मग डिझाइनच्या विषयात शिकलेलं डिसिजन मॅट्रिक्स लावलं. किंमत, उपयोग, जागा, सुरक्षितता, प्रत्येकाला वेटेज, शेवटी बेरीज. पहिला नंबर आला टेबल सॉचा. दहा इंची पात्याचा. किंमत बजेटच्या दुपटीपेक्षा जास्त. तरी पहिला, कारण 'उपयोग' या रकान्याला वेटेज मीच सगळ्यात जास्त दिलं होतं. बरोबर ओळखलंत, मला तो हवाच होता. आधी बाकीचं घ्यायचं आणि टेबल सॉ पुढच्या इंटर्नशिपवर किंवा हप्त्यावर, असा माझा बेत होता.

गणपतीच्या सुट्टीत घरी गेले. सरप्राइज माझ्या पोटात राहिलं नाही. लॅपटॉप पप्पांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोटाने खाली सरकवत वाचली. इंग्रजी नावं अडली की माझ्याकडे बघायचे, मी सांगायचे. चिझल म्हणजे पटाशी, फाइल म्हणजे कानस. सगळी वाचून झाल्यावर म्हणाले,

"आधी सांग, करणार काय हाईस?"

"म्हणजे?"

"म्हणजे बनवणार काय? पाट, चौरंग, कपाट, खिडकी? हत्यारं घेऊन काय पूजा मांडायची हाय?"

सत्तेचाळीस ओळी आणि नऊ कॉलममध्ये हा कॉलम नव्हता. डिझाइनच्या विषयातसुद्धा पहिलं पान 'गरज ओळखा' हेच असतं, आणि मी त्यात साठपैकी पन्नास मार्क घेतलेत!

मग आम्ही दोघं शेडमध्ये जाऊन बसलो. पप्पांनी सांगितलं, की सगळ्यात आधी त्यांना ओटा पाहिजे. म्हणजे वर्कबेंच. आपल्याकडचा सुतार वर्षानुवर्षं जमिनीवर बसून काम करत आलाय. लाकूड पायाने दाबून धरायचं, पायाचा अंगठा हाच त्याचा शिकंजा. पप्पांचे गुडघे आता तसं बसू देत नाहीत. म्हणून उभं राहून काम करायला ओटा, आणि पाय जे काम करायचे ते करायला शिकंजे. ही गोष्ट कुठल्याही व्हिडिओत नव्हती, कारण त्यातले सगळे लोक पहिल्यापासून उभेच असतात. माझ्या यादीत शिकंजे एकेचाळिसाव्या ओळीवर होते.

"आन ही पयली ओळ काढ," पप्पा म्हणाले.

मी वाद घातला. खूप घातला. पप्पा, याने फळी दहा मिनिटांत चिरता येते. पप्पा, मापात फरक पडत नाही. पप्पा, जगात सगळे वापरतात. पप्पांनी काही न बोलता डावा हात माझ्यापुढे धरला.

माझ्या पप्पांच्या डाव्या हाताची तर्जनी दोन पेरांनी कमी आहे. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून, म्हणजे २०११पासून. घरात याला 'लागलं होतं' म्हणतात. यापलीकडे कधी कुणी बोललं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवशी पप्पांनी सांगितलं. एका शेडमध्ये सागाची पट्टी चिरत होते. पात्यावरचं झाकण काढून ठेवलेलं, कारण त्याने मध्ये मध्ये अडतं. सगळेच काढून ठेवायचे. निम्मी पट्टी चिरून झाली आणि मागचा चिरलेला भाग आपोआप मिटला, पातं चिमटलं आणि पट्टी उलटी उडाली. हात पुढे ढकलत होता, तो तसाच पुढे गेला. "आवाज सुद्धा झाला न्हाई बग. मिशनचाच आवाज एवढा असतोय." त्या संध्याकाळी माझा शाळेतला पहिला ॲन्युअल डे होता. मी फुलपाखरू झाले होते. पप्पा आले नाहीत म्हणून रुसल्याचं मला आठवतं.

रात्री झोप येईना म्हणून मी गणित केलं. आम्हा इंजिनिअर लोकांना दुसरं काय येतं? दहा इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेतं असं धरा. म्हणजे दाताचा वेग सेकंदाला साधारण ५३ मीटर, ताशी १९० किलोमीटर. चटका बसल्यावर हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. चाळीस दात्यांचं पातं असेल तर तेवढ्या वेळात पाचशेहून जास्त दात बोटावरून जाऊन होतात. लाकूड मिटतं का? तर झाड वाढताना त्याच्या आत ताण साठलेला असतो, चिरताना तो सुटतो आणि चर बंद होतो. पात्याच्या मागच्या बाजूचे दात वर येत असतात, लाकूड त्यांच्यावर चढलं की ते उचलून तुमच्याकडेच भिरकावलं जातं. यावर उपाय आहे. पात्याच्या मागे तेवढ्याच जाडीची एक पट्टी असते, रायव्हिंग नाइफ म्हणतात, ती चर मिटू देत नाही. स्टीव्ह गॅस नावाच्या अमेरिकन माणसाने १९९९ मध्ये तर अशी युक्ती काढली की बोट लागताच ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पातं पाच मिलिसेकंदांच्या आत थांबतं. त्याच्या मशिनची किंमत बघून मी टॅब बंद केला.

सकाळी पप्पांना रायव्हिंग नाइफबद्दल सांगितलं. नवीन मशिनवर ती असते, झाकणही न काढता काम करता येतं, असंही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "असंल. चांगलं हाय. पण तू घरात नसताना मी एकटा असणार, आन मिशन चालू केली की तुझ्या आईचा जीव आत न्हाई ऱ्हायचा." आई आतून काही बोलली नाही. पण भांड्यांचा आवाज थांबला होता. मी पहिली ओळ डिलीट केली. फळ्या वखारीतून चिरून आणायच्या असं ठरलं. तिथे मोठी मशिन आहे, रोजची माणसं आहेत, पैसे थोडे जातात.

इथे तुम्हाला वाटेल, की आता गोष्ट हातहत्यारांच्या बाजूने वळणार. मलाही तसंच वाटलं होतं! मी लगेच सगळी मशिनं खोडून टाकली आणि एकदम पॉल सेलर्स मोडमध्ये गेले. आता सगळं हाताने, पप्पा, जुन्या पद्धतीने, आज्जासारखं. पप्पा माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी त्यांना बैलगाडीने पुण्याला जायला सांगतेय.

"तुझा आज्जा रंधा मारून मारून खांद्यातनं गेला. मला विजेचा रंधा पाहिजे."

"पण त्यालासुद्धा फिरतं पातं असतं! मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे!"

"त्याला दोन मुठी असत्यात. दोनी हातांनी धरायचा. दोनी हात वर आन पातं खाली. बोट जाणार कुठं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मॅट्रिक्समध्ये 'सुरक्षितता' हा एकच आकडा होता, दहापैकी. हत्यार चालताना हात कुठे असतो हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. आम्ही पुन्हा एकदा सगळ्या ओळींवरून गेलो, फक्त हा प्रश्न घेऊन. ड्रिल मशिन राहिलं. हातात धरायची गोल करवत गेली. (ती तशी रूढ आहे, आणि एक हात मोकळा राहतो हेच पप्पांना नको होतं.) चष्मा, कानात घालायचे बोळे आणि मास्क माझ्या हट्टामुळे आले. लाकडाची बारीक धूळ कॅन्सरला कारणीभूत होऊ शकते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तिला पहिल्या गटात टाकलंय, हे मी त्यांना दाखवलं. पप्पा तीस वर्षं तोंडाला रुमालसुद्धा न बांधता काम करत आलेत. म्हणाले, "मास्क लावून विडी कशी ओढू?" आतून आईचं उत्तर आलं, ते मॅगझिनमध्ये छापता येणार नाही.

परत येताना मिरजेला पप्पांचे एक जुने मित्र आहेत त्यांच्याकडे गेलो. मी त्यांना चाचा म्हणते. ते तंबोरे बनवतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला तो तुम्ही वाचला असेल. मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, तूण नावाचं लाकूड लागतं, आणि एकेका वाद्याला आठवडेच्या आठवडे. त्यांच्या दुकानात मी हत्यारं मोजली. मोठी अशी चौदा निघाली. मी विचारलं, चाचा, एवढ्यात भागतं? ते म्हणाले, हत्यारं कमी असली की प्रत्येकाला धार लावायला वेळ मिळतो. त्यांचे पूर्वज मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. तलवारी गेल्या तेव्हा वाद्यांकडे वळले. धार मात्र घरात राहिली. त्यांनी पप्पांच्या समोर मला पटाशी घासायला बसवलं आणि दहा मिनिटांत तीन वेळा उठवलं.

धारेचा कोन किती ठेवायचा? व्हिडिओत पंचवीस अंश, वर बारीक तीस अंश, त्यासाठी चाकं लावलेलं एक जिगसुद्धा मिळतं (माझी चोविसावी ओळ). चाचा म्हणाले, पातं जेवढं जाड, त्याच्या दुप्पट उतार ठेव. बस! मी मनात आकृती काढली. काटकोन त्रिकोण, समोरची बाजू एक, कर्ण दोन. साइन थीटा बरोबर एक छेद दोन. थीटा बरोबर तीस! मी आनंदाने ओरडलेच. चाचांना साइन थीटा कळला नाही आणि मी एवढी का उडतेय तेही कळलं नाही. जिग डिलीट.

खरेदी पुण्यात मी एकटीने केली, पप्पा फोनवर. बोहरी आळीत दोन शनिवार गेले. पहिल्या दुकानदाराने मला बघून विचारलं, "प्रोजेक्टला पाहिजे का?" आणि खेळण्यातला वाटावा असा सेट पुढे ठेवला. मी म्हटलं, गुण्या दाखवा. मग पप्पांनी सांगितलं होतं तसं केलं. कडेला टेकवून एक रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारायची. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढं फाकलं त्याच्या निम्मी चूक. तीन गुण्ये फाकले. चौथा खरा निघाला. तोपर्यंत दुकानदार मला 'ताई' म्हणायला लागला होता.

रविवारी जुन्या बाजारातही गेले. तिथे एक पाऊण इंची पटाशी मिळाली, दांडा नसलेली, पात्यावर 'शेफिल्ड' एवढंच वाचता येत होतं. दीडशे रुपये. बाकीच्या पटाश्या दोनच नव्या घेतल्या, अर्धा इंची आणि एक इंची. सहांचा सेट घेतला असता तर थोडेच पैसे जास्त पडले असते आणि मला तो लाकडी खोका फार आवडला होता, पण पप्पांनी फोनवरूनच नाही म्हटलं. पाव इंची तरी? "नंतर बगू." सगळ्यात जास्त पैसे कुठे गेले असतील? विजेच्या रंध्यात साडेचार हजार, आणि मग ड्रिल. त्यानंतर चौदा इंची लोखंडी रंधा, सव्वीसशे. हा मात्र माझा हट्ट. शेवटचा हात विजेच्या रंध्याने येत नाही, लाटा राहतात, हे पप्पांनाही मान्य होतं. फक्त ते म्हणत होते की साधा, स्वस्तातला घे. मी तळाला स्टीलची पट्टी उभी लावून, उजेडाकडे धरून, फट दिसत नाही असा निवडला आणि हॉस्टेलवर आणून दोन दिवस उशाशी ठेवला. रेक्टर मॅडमनी रूम चेकिंगला बघितला. "हे काय आहे?" "रंधा, मॅडम." "कशाला?" "पप्पांसाठी." पुढे त्यांनी काही विचारलं नाही. धन्यवाद, मॅडम.

चार शिकंजे, दोन करवती (एक आडवी कापायची, तिचे दात सुरीसारखे, एक उभी चिरायची, तिचे पटाशीसारखे), दोन बाजूंचा धारेचा दगड, असं करत यादी सत्तेचाळीसवरून एकोणीसवर आली. चोवीसशे रुपये ओट्याच्या लाकडासाठी उरले. ते पप्पांनी सांगलीत जुन्या लाकडाच्या वखारीतून आणलं, कुठल्या तरी पाडलेल्या वाड्याच्या तुळया. विजेच्या रंध्याला लावायच्या आधी त्यांनी प्रत्येक तुळईवरून लोहचुंबक फिरवलं. अकरा खिळे निघाले. एक जरी राहिला असता तर नव्या पात्यांची वाट लागली असती.

दिवाळीत सगळं सामान घेऊन मी घरी गेले. एसटीत रंधा मांडीवर होता. पप्पांनी एकेक वस्तू उघडून बघितली, गुण्याच्या रेघा पुन्हा मारून बघितल्या (माझ्यावर विश्वास नाही!), शेफिल्डच्या पटाशीला अंगठ्याने धार तपासली आणि नुसतं "हं" म्हणाले. मग रंधा हातात घेतला. उजव्या हाताने मागची मूठ धरली, डावा हात पुढच्या गोल मुठीवर ठेवला. दोन-तीन वेळा फळीवर चालवला. ढलपी निघाली पण तुटक निघाली. रंधा वाकडा जात होता. मी म्हटलं, पातं तिरकं बसलंय का बघू? पप्पा म्हणाले, पातं बरोबर हाय.

त्यांनी डावा हात उचलून बघितला. मग मला कळलं. ती पुढची गोल मूठ पाच बोटांच्या माणसासाठी केलेली असते. तर्जनी तिच्याभोवती वळली नाही तर दाब एका बाजूला जातो. मी तळ तपासला, पातं तपासलं, दोन दुकानांतल्या किमती तपासल्या. पप्पांचा हात तपासला नव्हता. मला रडायलाच आलं. सव्वीसशे रुपये आणि एवढी मोठी इंजिनिअर!

पप्पांनी स्क्रूड्रायव्हर मागितला, मूठ सोडवली आणि खिशात टाकली. कोपऱ्यात शिसवाचा एक तुकडा होता, कुठल्या तरी पलंगाच्या पायाचा. ओटा अजून झाला नव्हता, म्हणून खुर्चीच्या कडेलाच दोन शिकंज्यांनी तो आवळला आणि करवत घेतली. संध्याकाळपर्यंत घासत बसले. नवी मूठ गोल नाही. डावीकडे फुगीर आहे, आणि वर अर्ध्या पेरापुरता खोलगा आहे, उरलेलं बोट तिथे टेकतं. तिला तेल लावल्यावर काळपट जांभळा रंग आला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाला आईने रंधा पाटावर ठेवला, पप्पांनी त्याला हळदकुंकू लावलं आणि नंतर मीही एकदा चालवून बघितला. माझ्या हातात ती मूठ बसतच नाही. सगळीकडून टोचते.

ओटा आता झालाय. त्यावर पहिलं काम शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्याचं आलं, पैसे घेऊन. काल रात्री पप्पांचा फोन आला. मी इथे जर्नल उतरवत होते. तब्येत, मेस, अभ्यास, सगळं विचारून झालं. मग थोडं थांबून म्हणाले, की देव्हाऱ्याच्या जाळीला बारीक खाचा काढायच्या हायत. ती पाव इंची पटाशी केवढ्याला होती?